बाबांना सांगू नको, ते समजावतील

'काका, नमस्कार. माझं वय ३६. इंदूरला भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये ११ वर्षं फिजिक्स शिकवतोय. रविवारी सकाळी खोक्यात भिंगं, चुंबकं, फुगे, स्ट्रॉ भरून जवळपासच्या सरकारी शाळांत जातो. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि मला नकोही आहेत. शिकवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मुलगी सात वर्षांची, घरी तिला चिऊ म्हणतो. कोजागिरीच्या रात्री सराफ्यातून स्कूटरवर परत येत होतो. चिऊ पुढे उभी होती. तिनं विचारलं, बाबा, चांदोमामा आपल्याबरोबर का येतो? मला इतका आनंद झाला की स्कूटर बाजूला घेतली आणि सगळं नीट सांगितलं: जवळचं भराभर मागे जातं, लांबचं हळू जातं, आणि चंद्र तर ३,८४,००० किलोमीटरवर. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तो आपल्याबरोबर येत नाहीच? मी म्हटलं, नाही. घर येईपर्यंत ती गप्प होती.

तेव्हापासून ती मला काही विचारत नाही. परवा स्वयंपाकघरात आजीला काहीतरी विचारत होती. माझी चाहूल लागली तशी कुजबुजली, बाबांना सांगू नको, ते समजावतील. चिऊची आई म्हणते, घरात सर नको, बाबा ये. मग फिजिक्स चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवू का? ती जन्मायच्या आधी माझा जीव एकाच गोष्टीत होता. आता दोन गोष्टींत आहे आणि त्या दोघींचं घरात पटत नाही.
– सुदामा नगरातला एक बाबा'

प्रिय चिऊचे बाबा,

तुमचं पत्र आधी मी एकट्यानं वाचलं, मग घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. 'ते समजावतील' हे शब्द आले तशा आमच्या हिनं विणायच्या सुया खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यामागे पस्तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. सांगतो, पण आधी चांदोमामाचं बघू.

तुमच्या उत्तरात चूक काढायला जागा नाही. स्कूटर १०० मीटर पुढे गेली की रस्त्यापासून २० मीटरवरचा विजेचा खांब पार पाठीमागे पडतो. चंद्राची दिशा तेवढ्यात किती बदलते? एका अंशाचे ६७,००० तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढी. डोळ्याला ते कळणं शक्य नाही, म्हणून घरं, झाडं, खांब मागे जातात आणि चंद्र आपल्या खांद्याशी राहतो. अकरावीच्या पोरांनी हे वहीत उतरवून घेतलं असतं.

पण चिऊचा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा होता. 'म्हणजे तो आपल्याबरोबर येत नाहीच?' इथे तुम्ही थांबायला हवं होतं, आणि हे मी बापाला सांगत नाही, फिजिक्सच्या माणसाला सांगतोय. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगानं जाते. सराफ्यापासून सुदामा नगरापर्यंत तुम्हाला वीस मिनिटं लागली असं धरू. तेवढ्या वेळात पृथ्वी तुमच्या स्कूटरसकट, चिऊसकट ३६,००० किलोमीटर पुढे गेली. आणि चंद्र? तोही आला. वर्षाकाठी सूर्याभोवतीचा हा रस्ता ९४ कोटी किलोमीटरचा होतो आणि त्यात एक दिवस असा नाही की चंद्रानं आपल्याला सोडलंय. गेली जवळपास साडेचारशे कोटी वर्षं तो बरोबर येतोय. वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो, तेही आपल्याला ठाऊक आहे, कारण १९६९मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांनी तिथं परावर्तक ठेवले आणि त्यांच्यावरून परत येणाऱ्या लेसरनं आपण ते अंतर मोजतो. चिऊची नखं वर्षभरात साधारण तेवढीच वाढत असतील.

म्हणजे कोजागिरीच्या रात्री तुमच्या मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. चंद्र स्कूटरबरोबर येतोय असं वाटतं ते एका कारणानं, आणि तो पृथ्वीबरोबर खरोखर येतो ते दुसऱ्या कारणानं. तुम्ही पहिलं सांगितलंत आणि प्रश्न मिटवून टाकलात. फिजिक्सनं तिच्या हातून काही हिसकावलं असं तुमच्या मनात बसलंय, ते काढून टाका. उत्तर घाईचं होतं, म्हणून ते अर्धं राहिलं.

आता कळकळीची विनंती. हे वाचून लगेच तिला हाक मारू नका. स्कूटर पुन्हा बाजूला घेऊ नका. पौर्णिमा दर महिन्याला येते. ती आपण होऊन कधी चंद्राचं बोलली तर सांगा, 'त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं गं.' नाही बोलली तर खिशात राहू द्या. मला माहीत आहे हे किती अवघड आहे. चांगलं उत्तर हाती असताना गप्प बसणं आपल्या पेशात कोणी शिकवत नाही.

तुम्ही एकदा मात्र अगदी योग्य वागला होतात, आठवतंय का? चिऊ सात-आठ महिन्यांची असेल. मांडीवर बसून चमचा खाली टाकायची. टाकला, वाकून बघितला, तुमच्याकडे बघितलं. तुम्ही उचलून दिलात. पुन्हा टाकला. वीस वेळा, तीस वेळा. वस्तू दर वेळी खालीच जाते का, आवाज तोच येतो का, बाबा दर वेळी उचलून देतात का, असे तीन प्रयोग ती एकदम करत होती. तेव्हा तुम्ही तिला गुरुत्वाकर्षण समजावलं नाहीत, चमचा उचलून दिलात. पाठ दुखली असेल, पण त्या दिवसांतल्या आनंदाबद्दल विचारलं तर तुम्ही हेच सांगाल, हे मी पैजेवर सांगतो.

मी ज्या सरकारी शाळेत बरीच वर्षं होतो तिथं प्रयोगशाळेत एक सहायक होते. सगळे त्यांना दादा म्हणत, हेडमास्तरसुद्धा. शिक्षण आठवीपर्यंत. कुठल्या ॲमीटरचा काटा अडकतो, कुठला सेल उतरलाय, कुठल्या भिंगाला कडेला टवका गेलाय, सगळं तोंडपाठ. पोरं आम्हा मास्तरांपासून चार हात लांब राहायची आणि दादांभोवती गोळा व्हायची. एखाद्याचं रीडिंग वेडंवाकडं आलं की दादा म्हणायचे, 'तार कस के देख.' बास. तरी नाही जमलं तर दुसरी तार काढून द्यायचे. बीकर फुटला तर आधी पोराचा हात बघायचे, मग झाडू आणायला जायचे. उत्तर त्यांनी कधी सांगितलं नाही. पुष्कळदा त्यांना ते माहीत नसायचं, आणि पोरांना त्याचं काही वाटत नसे.

चिऊची आई म्हणते ते बरोबर आहे, घरात सर नकोत. पण म्हणून तुमच्यातला फिजिक्सचा माणूस बाहेर उभा करायची गरज नाही. तो बाहेर राहणारही नाही, आणि तुम्ही काहीतरी दाबून ठेवताय हे चिऊला पहिल्याच दिवशी कळेल. त्याला दुसरं काम द्या. घरात दादा व्हा.

आता माझी गोष्ट.

१९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. पुढं तो आपल्या माळव्यातल्या शाळांपर्यंत आला. २००२मध्ये सरकारनं तो बंद केला, त्याचं दुःख मला आजही आहे. चार-चार मुलांची टोळी करायची, प्रयोग मुलांनी करायचे, निष्कर्ष मुलांनी काढायचा, मास्तरांनी उत्तर सांगायचं नाही. मुलांनी प्रश्न पाठवायचे तेसुद्धा कुणा अधिकाऱ्याला नव्हे, 'सवालीराम' नावाच्या कल्पनेतल्या माणसाला. मी उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्या प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. दिवसभर आम्ही मास्तर लोक जमिनीवर बसून, एकमेकांशी भांडत, फुलं फाडून बघत, सेल जोडत असायचो. परत आलो तो वेगळा मास्तर होऊनच. वर्गात मी जीभ आवरायला शिकलो.

घरात नाही शिकलो.

१९९०चा जून. मुलगा दहा वर्षांचा, शाळा उघडायला अवकाश होता, पाऊस लांबला होता. अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेचा सहा फुटी लोखंडी खांब होता. हा त्याची सावली मोजत बसला. कोणी सांगितलं नव्हतं. खांब सरळ आहे की नाही हे बघायला शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रीकडून ओळंबा मागून आणला. बारा वाजल्यापासून दर चार मिनिटांनी खडूनं खूण करायची आणि वहीत लिहायचं. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून वहीही हिंदीत. संध्याकाळी त्यानं ती मला दाखवली. शेवटी लिहिलं होतं, 'परछाई सबसे छोटी १२ बजकर २८ मिनट पर. लंबाई २ सेंटीमीटर. दिशा दक्षिण.'

मी पेन उचललं. दक्षिण खोडून उत्तर लिहिलं आणि बाजूला लाल शाईत, 'ग़लत'. वर त्याला समजावून सांगितलं की आपण उत्तर गोलार्धात राहतो, सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दुपारची सावली उत्तरेलाच पडणार. दोन सेंटिमीटरचं मोजमाप तर चुकलेलंच असणार, खांबाची जाडीच त्याहून जास्त आहे. तो ऐकत होता. ऐकून घेतलं आणि वही उचलून घेऊन गेला. पुढं खांबाकडे फिरकला नाही.

सहा वर्षांनी नववीच्या वर्गात कर्कवृत्त काढत होतो. उज्जैनच्या थोडं वर रेघ ओढली आणि हात तिथंच राहिला. इंदूर २२.७ अंशांवर, कर्कवृत्त २३.४ अंशांवर, आपल्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटर. ७ जूनच्या सुमारास सूर्य इंदूरच्या बरोबर डोक्यावर येतो, मग आणखी उत्तरेला सरकतो, आणि ६ जुलैच्या सुमारास परतताना पुन्हा डोक्यावर येतो. मधला महिनाभर आपल्याकडे भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. हिशेब केला. २० जूनच्या आसपास सहा फुटी खांबाची सावली सव्वादोन सेंटिमीटर, आणि ऐन मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांनी. त्याचं सगळंच बरोबर होतं. दहा वर्षांच्या पोरानं खांब, खडू आणि मिस्त्रीच्या ओळंब्यावर जे पाहिलं होतं ते मी पुस्तकाच्या जोरावर खोडलं होतं.

घरी येऊन वही शोधू लागलो. ती हिनं पेटीत जपून ठेवली होती. मुलगा तेव्हा अकरावीत, कॉमर्सला. त्याचं खापर मी लाल पेनावर फोडत नाही. कॉमर्स त्याला आवडायचं, आज तो पुण्याला बँकेत आहे आणि सुखात आहे. पण मी त्याला त्या दिवशी काही बोललो नाही, आणि ही चूक मी पहिलीहून मोठी मानतो. बोललो ते थेट गेल्या वर्षी. त्याला वही आठवत नव्हती. म्हणाला, 'ओळंबा आठवतो, बाबा. परत द्यायला गेलो तर मिस्त्रीनं विचारलं होतं, काय निघालं?'

मिस्त्रीनं विचारलं होतं. मी नव्हतं विचारलं.

तुमचं माझ्यापेक्षा फार बरं आहे. तुमचं निदान म्हणणं खरं होतं, आणि महिना-दोन महिन्यांतच तुम्हाला खटकलं. बापाचा आवाज घरात मोठा असतो आणि फिजिक्सच्या बापाचा आणखी मोठा. स्फटिकावर पडलेले क्ष-किरण कुठल्या कोनात परततात हे सांगणारा ब्रॅगचा नियम तुम्ही वर्गात शिकवता, तो कोणत्या ब्रॅगचा म्हणून सांगता? १९१५चं नोबेल बाप-लेकाला मिळून मिळालं, विल्यम आणि लॉरेन्स, लेक तेव्हा २५ वर्षांचा होता. नियम लेकाचा, १९१२मधला. वडिलांनी त्याचं श्रेय कधी लपवलं नाही, तरी जग वडिलांचंच नाव घेत राहिलं, कारण ते आधीपासून मोठे होते. पोराच्या मनात तो सल पुष्कळ वर्षं राहिला. आणि हेच ते वडील, ज्यांनी क्ष-किरणांचा शोध लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा ॲडलेडला स्वतः जुळवलेल्या उपकरणानं याच मुलाचं मोडलेलं कोपर बघितलं होतं. माया दोघांतही होती. आपल्या इंदूरच्या कॅट या संशोधन केंद्रात इंडस-२ नावाच्या यंत्राच्या १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात, त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी तिथं स्फटिक तपासतात, आणि त्या मोजणीत आजही तोच नियम लागतो. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी ते कोपर आठवतं.

मग घरातला दादा करतो काय?

आजीपासून सुरुवात करा. चिऊ तिला विचारते, विचारू द्या. आजी सांगेल की चांदोमामाला आपली काळजी म्हणून तो येतो. ते दुरुस्त करायला जाऊ नका. मुलांना गोष्ट आणि मोजमाप दोन्ही एकाच वेळी सांभाळता येतं, आपल्यालाच ते जड जातं.

एक छोटा फळा आणा आणि फ्रिजशेजारी लावा. जयंत नारळीकरांच्या बनारसच्या घरात फळा होता. त्यांचे मामा त्यावर गणिताचं कोडं लिहून ठेवत आणि जयंतानं ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तिथंच राही. तुम्ही हे उलट करा. फळ्यावर प्रश्न चिऊनं लिहायचा आणि बाबांनी सोडवायचा. उत्तर येत असलं तरी आठ दिवस हात लावायचा नाही. येता-जाता सगळ्यांनी वाचायचा, दूधवाल्यानंसुद्धा. पोहे भिजवले की लगेच मऊ होतात मग तांदूळ का होत नाहीत, असं काहीतरी येईल. सायकल पळताना पडत नाही आणि थांबली की का पडते, हे तर येईलच. आपण वर्षानुवर्षं सांगत आलो की गरगरणारं चाक तोल धरतं. २०११मध्ये संशोधकांनी तो परिणाम जवळपास पुसून टाकलेली सायकल बनवली, आणि तीही ढकलून दिल्यावर आपली आपण सरळ चालत राहिली. म्हणजे हा प्रश्न तुम्हालाही खरोखर अडवील. चिऊला तुम्ही डोकं खाजवताना दिसायला हवेत. आजवर तिनं तुम्हाला फक्त माहीत असलेलं सांगताना पाहिलंय.

नेहरू पार्कात किंवा कॉलनीच्या बागेत झोका असेल. साखळी दोन मीटरची असेल तर दहा झोक्यांना अठ्ठावीस सेकंदांच्या आसपास लागतात. मोठे झोके घेऊ नका, हळू. आधी ती एकटी बसेल, तुम्ही मोजा. मग तुम्ही बसा, ती मांडीवर. वजन चौपट-पाचपट झालं, आता किती लागतील, हे आधी तिला सांगू द्या. मग मोजा. जवळजवळ तेवढेच येतात. तुम्ही उंच आहात, तुमचा भार थोडा वर येतो म्हणून किंचित कमी लागतील. तो फरक तिचा तिला सापडला तर त्या दिवशी जिलेबी आणा. तिनं 'असं कसं?' म्हटलं तर तुमच्या तोंडून एकच वाक्य निघू द्या, 'पुन्हा मोजू या का?' सात वर्षांचं पोर मांडीवर घेऊन झोक्यावर बसायचे दिवस थोडे असतात. लांबीचं सूत्र ती पुढे कधीही शिकेल.

उगवतीचा चंद्र मोठा दिसतो त्याचंही असंच. कागदाला पंचिंगनं भोक पाडा, हात लांब करून त्यातून चंद्र बघायचा, उगवताना एकदा आणि निजायच्या आधी एकदा. दोन्ही वेळा तो त्याच भोकात मावतो. याहून जास्त काही करायचं नाही.

रविवारचं खोकं सोडू नका. त्या शाळांतल्या मुलांना तुमची गरज आहे, आणि तुम्हाला त्यांची. चिऊला वाटलं तर बरोबर न्या, पण खोकं उचलायला न्या. सगळ्यांसमोर उभी करून 'सरांची मुलगी' म्हणून उत्तर द्यायला लावू नका. त्यानं मुलं मिटतात, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि उज्जैन ५५ किलोमीटरवर आहे. राजा जयसिंहाच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, नुसता उभा शंकू आणि त्याची सावली. माझ्या मुलाचा खांबच म्हणा. पाटी वाचून दाखवू नका, तिला त्याच्याभोवती फिरू द्या.

गेल्या ७ जूनला मुलगा आणि नात इकडेच होते. नात नऊ वर्षांची. मुलगा कुठून तरी ओळंबा घेऊन आला, मी काही बोललो नव्हतो. तिघं गच्चीवर गेलो. नातीनं पोह्यांचा उभा स्टीलचा डबा मधोमध ठेवला. बारा वाजता सावली पश्चिमेला चांगली बोटभर होती, मग आखडत आखडत डब्याखाली गेली. 'गेली!' नात ओरडली. मुलगा उकिडवा बसला होता, तो तसाच बसून राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'काय निघालं?' मला उत्तर देता आलं नाही. पत्नीनं खालून विचारलं की तुम्ही तिघं उन्हात काय करताय, तर नातीनंच सगळं सांगितलं.

तेव्हा येत्या जूनसाठी तुम्हाला एवढं सांगतो. जुलैच्या तारखेचा भरवसा धरू नका, तोवर ढग येतात. जूनचे ५ ते ९ असे पाच दिवस धरा, रोज दुपारी मोजा, म्हणजे नेमका दिवस चिऊला आपला आपण सापडेल. डबा सरळ कडांचा घ्या, पोट असलेला तांब्या नको, त्याच्या पोटाखाली सावली आधीच लपते. गच्चीची फरशी पाणी जाण्यासाठी उतरती असते, म्हणून खाली पाट ठेवा आणि पाटावर पाण्याची बशी ठेवून तो सपाट आहे का बघा. ऊन रणरणतं असेल, टोप्या घाला, वर सूर्याकडे बघू देऊ नका. आपली दुपार बाराला का होत नाही असं तिनं विचारलंच तर तुमच्या खिशात असू द्या: घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, इंदूर ७५.९वर, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. हा गुणाकार तिसरी-चौथीत तिलाच करता येईल.

घड्याळ तिच्याकडे द्या, खडूही तिच्याकडे. तुम्ही पाणी आणायला खाली जा आणि जरा रेंगाळा. १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास वरून हाक येईल, तेव्हा जिना धावत चढा.